आज कुणाची पाळी?

नायमेखेन हे नेदरलँड्सच्या पूर्वेला, जर्मनीच्या हद्दीला जवळजवळ टेकलेलं शहर. तिथल्या एका पुलावर रोज सूर्यास्ताला कुणीतरी एक माजी सैनिक चालतो. रोज म्हणजे अगदी रोज. नाताळ असो, पाऊस असो, नाहीतर नदीवरून कापत येणारं जानेवारीचं वारं असो. १९ ऑक्टोबर २०१४ रोजी पहिला माणूस चालला आणि तेव्हापासून हा क्रम सुरू आहे. डच लोक त्याला ‘सनसेट मार्च’ असं इंग्रजीच नाव देतात.

पाळी लावणाऱ्यांचं काम सोपं नाही. सूर्यास्त घड्याळाला बांधलेला नसतो. त्या अक्षांशावर डिसेंबरात दुपारी साडेचारलाच दिवेलागण होते आणि जूनअखेर रात्रीचे दहा वाजायला येतात. हिवाळ्यात पाळी घेणाऱ्याला कामावरून अर्ध्या दिवसाची रजा काढावी लागेल आणि उन्हाळ्यात रात्रीचं जेवण उरकून निघावं लागेल. माजी सैनिक आधी नाव नोंदवतात आणि आपली तारीख घेतात. त्यांच्या मागून कुणीही चालावं. शाळेतली मुलं येतात, सायकल हातात धरून शेजारपाजारचे येतात. अमेरिकेहून आलेलं एखादं कुटुंब असतं. कधी मागे कुणीच नसतं, तेव्हा तो एकटाच चालतो. वाहतूक थांबत नाही. गाड्या आपल्या वेगाने जात राहतात आणि कडेच्या मार्गावरून हा माणूस संथ पावलांनी निघतो.

संथच का, हे दिव्यांकडे पाहिलं की कळतं. या पुलावर दिव्यांच्या ४८ जोड्या आहेत. शहरातले बाकीचे दिवे एकदम लागतात. इथं मात्र दक्षिणेकडची पहिली जोडी लागते, मग दुसरी, मग तिसरी. शेवटची जोडी उत्तर टोकाला लागेपर्यंत जवळपास बारा मिनिटं जातात, म्हणजे एका जोडीला पंधरा सेकंद. हा वेग लष्करी संथ संचलनाचा आहे आणि चालणाऱ्याने त्याच्याशी पाऊल जुळवायचं असतं. एक जोडी एका सैनिकाची. २० सप्टेंबर १९४४ रोजी दुपारी याच ठिकाणी, याच दिशेने नदी ओलांडताना जे ४८ जण मेले, त्यांची.

त्या दुपारची गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ती सहसा सिनेमातून कळते. सिनेमात (‘अ ब्रिज टू फार’, १९७७) रॉबर्ट रेडफर्ड होडीत बसलेला असतो, त्यामुळे लक्ष त्याच्याकडेच जातं.

सप्टेंबर १९४४. नॉर्मंडीत उतरलेलं दोस्तांचं सैन्य फ्रान्स आणि बेल्जियम पार करून डच सीमेपर्यंत आलं होतं. ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीचा बेत असा, की हॉलंडमधल्या नद्यांवरचे पूल एका झटक्यात ताब्यात घ्यायचे, ऱ्हाईन ओलांडायची आणि थेट जर्मनीच्या औद्योगिक पट्ट्यावर उतरायचं. म्हणजे नाताळपर्यंत युद्ध संपेल. त्यासाठी तीन हवाई डिव्हिजन शत्रूच्या पिछाडीला उतरवायच्या. त्यांनी पूल धरून ठेवायचे आणि खालून एकाच रस्त्याने ब्रिटिश रणगाड्यांनी त्यांच्यापर्यंत पोहोचायचं. सुमारे शंभर किलोमीटरचा हा रस्ता बराचसा बांधावरचा, दोन्हीकडे दलदलीची शेतं आणि मधला एकही पूल हुकला तर पुढचं सगळं वाया. युद्धशास्त्र न शिकलेल्या माणसालाही या बेताची धास्ती वाटावी. या मोहिमेचं नाव ‘मार्केट गार्डन’. १७ सप्टेंबरला ती सुरू झाली.

नायमेखेनचा भाग अमेरिकेच्या ८२व्या एअरबोर्न डिव्हिजनकडे होता. तिचा प्रमुख जेम्स गॅव्हिन अवघा ३७ वर्षांचा. त्याने आपली बरीचशी माणसं शहराच्या आग्नेयेला ग्रूसबेकच्या उंचवट्यावर उतरवली. पहिला जोर तो उंचवटा आणि इतर पूल यांवर गेला. वाल नदीवरचा (उच्चार आपल्या वालाच्या उसळीतलाच) मोठा रस्तापूल पहिल्या दिवशी हाती आला नाही. संध्याकाळी थोडी माणसं शहरात घुसली, पण तोवर जर्मनांची कुमक पोहोचली होती. उंचवटा आधी की पूल आधी, यावर इतिहासकार अजून भांडतात. १९ तारखेला ब्रिटिश रणगाडे येऊन पोहोचले, तरी पुलाच्या दक्षिण टोकाशी जर्मन पाय रोवून होते. तिकडे अवघ्या सतरा-अठरा किलोमीटरवर आर्नहेमच्या पुलापाशी ब्रिटिश छत्रीसैनिकांची एक बटालियन वेढ्यात सापडली होती आणि तासातासाला कमी होत होती.

गॅव्हिनने मग ठरवलं, की पुलावर दोन्ही टोकांनी एकाच वेळी जायचं. त्यासाठी काही माणसांना प्रवाहाच्या खालच्या अंगाने पलीकडे न्यायला हवं. होड्या नव्हत्या. ब्रिटिशांच्या होड्या मागच्या गर्दीत अडकलेल्या ट्रकांमधून यायच्या होत्या. सकाळी हल्ला करायचा होता. होड्या येईतो दुपार झाली आणि आल्या त्या २६. लाकडी तळ आणि त्यावर कॅनव्हासच्या घडीच्या भिंती. एकेकीत तेरा छत्रीसैनिक आणि होडी चालवायला तीन इंजिनियर. वल्ही पुरेशी नव्हती, म्हणून कित्येकांनी बंदुकीच्या दस्त्याने पाणी कापलं. यातल्या बहुतेकांना विमानातून उडी मारायचं शिक्षण होतं. वल्हवण्याचं जवळपास कुणालाच नव्हतं.

दुपारी तीन वाजता, लख्ख उजेडात, ५०४व्या रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनच्या दोन कंपन्या पाण्यात उतरल्या. नेतृत्व मेजर ज्युलियन कुककडे होतं. वल्ह्याच्या ठेक्यावर तो मेरीमातेची प्रार्थना म्हणत होता असं सांगतात. पलीकडे बांधावर, रेल्वेपुलावर आणि जुन्या गढीवर जर्मन मशीनगन होत्या. काठावरून ब्रिटिश रणगाड्यांनी धुराचा पडदा धरला, पण वाऱ्याने तो फाडला. पात्र शेकडो मीटर रुंद आणि प्रवाह जोराचा. काही होड्या गोल गोल फिरत राहिल्या, काही गोळ्यांनी चाळण होऊन बुडाल्या. जवळच्या वीजकेंद्राच्या छतावरून ब्रिटिश सेनापती हे दृश्य पाहत होते. रेजिमेंटचा धर्मोपदेशक डेल्बर्ट क्यूल याला होडीत बसायचं कारण नव्हतं, तरी तो बसला आणि पलीकडे जखमींना ओढत राहिला. पहिल्या फेरीतल्या निम्म्याच्या आसपास होड्या परत येण्याजोग्या उरल्या. इंजिनियरांनी त्याच पुन्हा वळवल्या आणि दुसऱ्या खेपेची माणसं आणायला गेले. मला या गोष्टीत सर्वांत अवघड वाटतं ते हे वळणं. पलीकडे पोहोचलेल्याला धावायला निदान जमीन तरी मिळाली. होडी चालवणाऱ्याला तीच नदी पुन्हा दोनदा पार करायची होती.

जे पोहोचले ते पूरपात्राच्या उघड्या मैदानातून बांधापर्यंत धावले. बांधावरची लढाई जवळून, बेभान झाली. शरण आलेल्यांनाही सोडलं गेलं नाही अशा आठवणी पुढे काही सैनिकांनीच लिहून ठेवल्या. स्मारकांवर हा भाग कोरला जात नाही. संध्याकाळ होता होता दोन्ही पुलांची उत्तर टोकं अमेरिकनांकडे आली. दक्षिणेकडून ब्रिटिश ग्रेनेडियर गार्ड्सचे रणगाडे पुलावर चढले. जर्मनांनी पुलाला सुरुंग लावले होते आणि कळही दाबली होती, पण स्फोट झाला नाही. ते सुरुंग यान व्हान होफ नावाच्या बावीस वर्षांच्या स्थानिक विद्यार्थ्याने आधीच निकामी केले, असं शहर मानत आलं आहे. त्याला जर्मनांनी १९ तारखेलाच मारलं होतं, त्यामुळे विचारणार कुणाला? तो वाद मिटलेला नाही.

एवढं करून पूल मिळाला आणि रणगाडे पलीकडे लेंट गावाजवळ थांबले. पुढे पायदळाविना जायचं नाही, दारूगोळा नाही, रात्र पडली आहे, अशी कारणं होती. नदीत माणसं गमावून आलेल्या अमेरिकनांना ती पटली नाहीत. एका कंपनीचा कॅप्टन मॉफॅट बरिस ब्रिटिश अधिकाऱ्यावर अक्षरशः बंदूक रोखून ओरडला, असं त्याने पुढे सांगितलं. त्या रणगाड्यांच्या तुकडीत एक तरुण अधिकारी होता लॉर्ड कॅरिंग्टन, जो नंतर ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री आणि नाटोचा सरचिटणीस झाला. त्याची बाजू अर्थातच निराळी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आर्नहेमच्या पुलावरचा प्रतिकार संपला. २५ सप्टेंबरच्या रात्री उरलेले ब्रिटिश छत्रीसैनिक ऱ्हाईन ओलांडून मागे आले. गेले होते दहा हजारांच्या आसपास, परतले अडीच हजारांहूनही कमी. नाताळ आला आणि गेला, युद्ध चालूच राहिलं.

म्हणजे ज्या ४८ जणांसाठी हे दिवे लागतात, त्यांनी जो पूल मिळवला तो मिळवून मोहीम जिंकली गेली नाही. विजयाच्या स्मारकाभोवती गर्दी जमवणं सोपं असतं. इथं काय सांगायचं, हा प्रश्न शहरापुढे होताच.

मृतांचं काय झालं, हेही पाहिलं पाहिजे. ८२व्या डिव्हिजनने शहराच्या दक्षिणेला मोलेनहूक इथं तात्पुरती दफनभूमी केली होती. युद्धानंतर अमेरिकी सरकारने प्रत्येक कुटुंबाला विचारलं, की मुलगा घरी हवा की तिकडेच राहू द्यायचा. निम्म्याहून अधिक कुटुंबांनी घरी आणायचं ठरवलं. बाकीच्यांना दक्षिण लिंबुर्गमधल्या मारग्रातेनच्या मोठ्या अमेरिकी दफनभूमीत हलवलं. तिथं आज ८,००० हून अधिक कबरी आहेत. प्रत्येक कबर कुणा ना कुणा डच कुटुंबाने दत्तक घेतली आहे आणि नवीन दत्तक घ्यायला प्रतीक्षायादी असते. मोलेनहूकची जागा रिकामी झाली. त्यामुळे नायमेखेनमध्ये, जिथं ते मेले तिथं, त्यांची एकही कबर नाही. उत्तर काठावरच्या बांधावर १९८४ मध्ये एक स्मारक उभं राहिलं, त्यावर ४८ नावं आहेत. वर्षातून एकदा, सप्टेंबरात, तिथं फुलं वाहिली जात.

पुढे शहराला वाहतुकीसाठी दुसरा रस्तापूल हवा झाला. जागा नेमकी तीच निघाली, ओलांडणीची. पूल २३ नोव्हेंबर २०१३ रोजी खुला झाला. त्याची एकसंध कमान २८५ मीटरची. नाव ठेवलं ‘दे ओव्हरस्टेक’, म्हणजे ओलांडणी. दिव्यांची कल्पना ‘अ‍ॅटलिए फेल्डवेर्क’ या नावाने काम करणाऱ्या दोन कलावंतांची, रूडी लाउटर्स आणि ओन्नो डिर्कर यांची. पुलावर पुतळा नाही, तोफ नाही, संगमरवर नाही. दिव्याचे खांब पालिकेला तसेही लावायचेच होते. वीजबिल तसंही येणार होतं. कलावंतांनी फक्त ते कोणत्या क्रमाने आणि कोणत्या वेगाने लागावेत हे ठरवलं. सार्वजनिक पैशात इतका कमी खर्च करून इतकं मोठं काम झालेलं मी फार ठिकाणी पाहिलेलं नाही.

पण नुसते दिवे असते तर? पहिल्या वर्षी ते तसेच लागत होते. गाडीतून जाणाऱ्याला एक जोडी लागताना दिसली काय नि न दिसली काय. बारा मिनिटांचं हे काम पाहायला तेवढा वेळ तिथं असणारं कुणी हवं. माजी सैनिकांना ते सुचलं. दिवा एका माणसासाठी लागत असेल तर त्याच्यासोबत एक माणूस चालला पाहिजे, आणि रोज चालला पाहिजे.

रोज चालण्याचा हा हट्ट मला या सगळ्याचा गाभा वाटतो. वार्षिक सोहळा करायला मंडप लागतो, पाहुणे लागतात, भाषणं लागतात. तिथं कुणी आलं नाही तर कार्यक्रम फसला असं म्हणतात. रोजच्या गोष्टीला प्रेक्षक लागत नाही, पाळी लागते. आज कुणाची पाळी, एवढा एकच प्रश्न उरतो आणि त्याला उत्तर देणारा एक माणूस मिळाला की दिवस पार पडतो. घरातल्या देवापुढच्या दिव्यासारखं हे आहे. श्रद्धा कमी-अधिक झाली तरी वात कुणीतरी लावतंच.

युरोपात याचं मोठं भावंड आहे. बेल्जियमच्या ईप्र शहरात मेनिन गेट नावाच्या कमानीखाली रोज रात्री आठला बिगुल वाजतो, १९२८ पासून. वाजवणारे लष्करातले नाहीत, गावच्या अग्निशमन दलातले स्वयंसेवक आहेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन अंमल असताना बिगुल बंद पडला आणि सप्टेंबर १९४४ मध्ये पोलिश सैन्याने शहर सोडवलं त्याच संध्याकाळी पुन्हा वाजला. त्या कमानीवर ५४,००० हून अधिक बेपत्ता सैनिकांची नावं आहेत आणि त्यांत हिंदुस्थानी पलटणींतलीही काहीशे आहेत. तिथं आता पर्यटकांची गर्दी इतकी असते की बिगुल ऐकायला पुढे घुसावं लागतं. नायमेखेनला अजून ते ग्रहण लागलेलं नाही.

चालणारे कोण असतात, यात या प्रथेची दुसरी बाजू आहे. १९४४ चे सैनिक आता जवळपास कुणी उरलेले नाहीत. त्या दुपारी होडीत असलेले आणि पुढे अनेकदा शहरात परतलेले बरिस २०१९ मध्ये गेले. जेम्स मेगेलस हे ८२व्या डिव्हिजनचे सर्वाधिक पदकं मिळवलेले अधिकारी २०२० मध्ये, वयाच्या १०३व्या वर्षी गेले. आज पुलावर चालतात ते बहुतेक डच माजी सैनिक. त्यांची युद्धं निराळी होती. १९७९ ते १९८५ लेबनॉनमधली शांतिसेना, नव्वदच्या दशकातला बोस्निया, २००६ ते २०१० अफगाणिस्तानचा उरुझगान प्रांत. अफगाणिस्तानात २५ डच सैनिक मेले. नायमेखेनमध्ये जन्मलेले जनरल पीटर व्हान उम १७ एप्रिल २००८ रोजी डच सैन्यदलांचे प्रमुख झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा मुलगा, लेफ्टनंट डेनिस, उरुझगानमध्ये रस्त्यात पेरलेल्या बाँबने मारला गेला.

बोस्नियाहून परतलेल्यांची कहाणी आणखी अवघड आहे. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा डच शांतिसैनिकांच्या संरक्षणाखाली होतं. सर्ब सैन्याने ते घेतलं आणि आठ हजारांच्या आसपास मुस्लीम पुरुष व मुलं मारली. हलकी शस्त्रं, न आलेली हवाई मदत, वरून आलेले गोंधळाचे हुकूम या सगळ्यात सापडलेल्या त्या सैनिकांना मायदेशी दोषी नजरेने पाहिलं गेलं. सरकारने त्या तुकडीची औपचारिक माफी मागितली ती २०२२ मध्ये, पंतप्रधान रुटे यांच्या तोंडून. स्रेब्रेनित्सातल्या मातांचा या माफीबद्दलचा कडवटपणा समजण्यासारखा आहे आणि त्या सैनिकांचं ओझंही खोटं नाही. अशा युद्धाहून आलेल्या माणसाला आपल्या देशात मिरवणूक मिळत नाही. त्याला स्वतःच्या मेलेल्या मित्रासाठी कुठे उभं राहायचं हेही कळत नाही. अशा माणसाला परक्या देशाच्या, कधीही न पाहिलेल्या ४८ जणांसाठी बारा मिनिटं चालायला मिळतं. त्याच्या मनात तेव्हा कुणाचं नाव असतं हे कुणी विचारत नाही. पदकं लावून, बेरेट घालून, शहराच्या डोळ्यांदेखत तो चालतो. नंतर घरी जातो.

या शहराला चालण्याचं एरवीही वेड आहे. दर जुलैत इथं चार दिवसांची पदयात्रा होते. १९०९ मध्ये ती लष्करी कवायत म्हणून सुरू झाली आणि आता चाळीस-पंचेचाळीस हजार माणसं रोज ३० ते ५० किलोमीटर चालतात. जगभरच्या सैन्यातल्या तुकड्या येतात, पाठीवर किमान दहा किलोचं ओझं घेऊन. तिसऱ्या दिवसाची वाट ग्रूसबेकच्या टेकड्यांवरून, कॅनेडियन युद्ध-दफनभूमीवरून जाते आणि २,३०० हून अधिक कबरींपाशी तुकड्या थांबून मानवंदना देतात. शेवटच्या दिवशी लोक चालणाऱ्यांच्या हातात ग्लॅडिओलाची फुलं देतात. मराठी माणसाला वारी आठवणारच, पण मला ही तुलना ताणवत नाही. वारीत एकटं कुणी नसतं आणि मुक्कामाला विठोबा असतो. पुलावरच्या चालणाऱ्याला पलीकडे फक्त बांध आहे.

आता जी गोष्ट या दिव्यांच्या प्रकाशात येत नाही, तिच्याकडे वळायला हवं. त्याच वर्षी, ओलांडणीच्या सात महिने आधी, २२ फेब्रुवारी १९४४ रोजी भर दुपारी अमेरिकन बाँबफेकी विमानांनी नायमेखेनची मध्यवस्ती उद्ध्वस्त केली. विमानं निघाली होती जर्मनीतल्या गोथा शहरावर. हवामान बिघडलं आणि माघारीचा हुकूम आला. परतताना जमेल त्या लक्ष्यावर बाँब टाकायचे असा संकेत होता. रेल्वेचं यार्ड हेरलं गेलं आणि बाँब पडले बाजारपेठेवर, चर्चवर, शाळेवर. आठशेच्या सुमारास माणसं मेली. त्यांत माँटेसोरी शाळेतली २४ मुलं आणि ८ नन होत्या. आपण डच शहरावर बाँब टाकतो आहोत याचीही कित्येक वैमानिकांना कल्पना नव्हती.

सात महिन्यांनी त्याच देशाचे सैनिक मुक्तिदाते म्हणून उतरले. मग रडायचं कुणाजवळ? मित्राच्या हातून झालेल्या मरणाला युद्धोत्तर राष्ट्रीय कथेत जागा नव्हती. प्रतिकारवीर होते, मुक्तिदाते होते, पण चुकीने मेलेली माणसं कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. शिवाय सप्टेंबरनंतर पाच महिने शहर आघाडीवर राहिलं आणि तोफमाऱ्यात आणखी कित्येक मेले. दशकं उलटली. त्या शाळेच्या जागेजवळ शिल्पकार हेंक फिस यांचं ‘झोपाळा’ हे स्मारक २००० मध्ये उभं राहिलं, म्हणजे ५६ वर्षांनी. शहरातल्या फरसबंदीवर आता आगीच्या हद्दीच्या खुणाही बसवल्या आहेत. जुनी घरं कुठं संपतात आणि पन्नासच्या दशकातली ठोकळेबाज दुकानं कुठं सुरू होतात, ते त्या खुणांवरून चालताना कळतं. ही दुसरी स्मरणवाट. हिला वेळापत्रक नाही, दिव्यांची नेमकी संख्याही नाही. आठशे जणांना प्रत्येकी पंधरा सेकंद द्यायचे म्हटले तर तीन तासांहून अधिक चालावं लागेल.

पुलावरच्या चालण्याला मी यामुळे कमी लेखत नाही. पण कुणाला दिवा मिळतो हे मरणारा ठरवत नसतो, हे लक्षात ठेवलेलं बरं. गणवेशातल्या माणसाची यादी असते, नंबर असतो, रेजिमेंट असते. ४८ हा आकडा मोजता येतो, म्हणून त्याचं शिल्प होऊ शकतं.

आपल्याकडे पाहू. नायमेखेनच्या दहा आठवडे आधी, १० जुलै १९४४ रोजी, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचा नाईक यशवंत घाडगे एका मशीनगनच्या चौकीवर धावून गेला. त्याच्या तुकडीतले बाकीचे सगळे मेले होते किंवा जखमी झाले होते. त्याने हातबाँबने बंदूक बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून दस्त्याने आणखी दोघांना लोळवलं आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथंच पडला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, कबर मिळाली नाही. कासिनोच्या स्मारकभिंतीवर त्याचं नाव आहे. रायगड जिल्ह्यात माणगावला त्याचा पुतळा आहे. आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने या टेकडीवरच्या छोट्या गावाने त्याच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं. परक्यांनी उभारलेलं हे स्मारकही रोज चालतं, फक्त त्याला माणसाची गरज नाही, उन्हाची आहे.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. एका गावातून ४६, आणि वालच्या पात्रात दोन कंपन्या उतरल्या तिथे ४८. आकडे असे शेजारी ठेवले की अपशिंग्याच्या उंबऱ्याउंबऱ्यात काय झालं असेल याचा अंदाज येतो. हे जवान फ्रान्समध्ये, मेसोपोटेमियात, कुठे कुठे पडले. त्यांच्या नावाने गावात मिरवणूक निघायला पार्थिवच आलं नाही. आज तिरंग्यात गुंडाळलेलं पार्थिव येतं, पंचक्रोशी लोटते, रांगोळ्या निघतात, घोषणा होतात. त्या दिवशी गाव मनापासून रडतं, यात काही खोटं नाही. मग चौकाला नाव मिळतं, वेशीवर कमान उभी राहते, पुण्यतिथीला हार पडतो. आपली चाल एकाच दिवसाची असते आणि ती खूप मोठी असते. नंतरच्या ३६४ दिवसांची पाळी त्या घरातली आई आणि बायको निमूटपणे घेतात. त्या पाळीची यादी कुणी करत नाही.

वालच्या काठावर आता तेव्हाची जमीनही राहिलेली नाही. नदीला जागा द्यायची म्हणून डच सरकारने लेंटजवळचा बांध ३५० मीटर मागे हलवला आणि पूरपात्रात नवा प्रवाह खणला. काम २०१५ च्या सुमारास संपलं. गावाच्या नदीकाठच्या भागाचं बेट झालं. उन्हाळ्यात तिथं पोरं पोहतात, वाळूवर लोक उताणे पडलेले असतात. रणभूमी जपून ठेवण्याच्या नावाखाली पुराला मोकळं रान द्यायचं नाही, हे डच शहाणपण मला आवडतं. जमीन बदलली तरी चालेल, कारण स्मरण जमिनीत ठेवलेलंच नाही.

दरवर्षी २२ फेब्रुवारीला नायमेखेनमध्ये झोपाळ्यापाशी फुलं वाहिली जातात. जमणाऱ्यांत बाँबफेकीत भाऊ किंवा बहीण गमावलेले लोक असत. नव्वदीला टेकलेले ते आता थोडे उरले, त्यांची मुलं-नातवंडं येतात. त्या दिवशी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दुपारी ज्या देशाच्या विमानांनी मारलेल्यांसाठी फुलं वाहिली, त्याच देशाच्या पोरांसाठी पश्चिमेकडच्या पुलावर पहिली जोडी लागते. पाळीच्या यादीत त्या तारखेपुढेही कुणाचं तरी नाव असतं.